बैलांच्या पसंतीचा सायलेन्सर

आमचे डॉक्टर माणसांना अरे-तुरे करायचे आणि जनावरांना अहो-जाहो. तहसीलदार त्यांचं कुत्रं घेऊन दवाखान्यात आले की डॉक्टर त्यांना म्हणायचे, "अरे, उजेडातून सरक जरा," आणि कुत्र्याला विचारायचे, "काय म्हणता? कुठे दुखते तुम्हाले?" तहसीलदार आधी संतापले, मग हसले, आणि पुढे पुढे आपणहूनच उजेड सोडून उभे राहू लागले. कुत्र्याचा मान राखला म्हणजे मालकाचाही राखला गेला, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ते इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगत की त्यावर कुणाला भांडता यायचं नाही.

मी त्यांच्या हाताखाली कंपाउंडर होतो, पांढरकवड्याला, गुरांच्या दवाखान्यात. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची ही गोष्ट. कागदांवरचे शिक्के बदलत होते, दवाखान्याचं कवेलूचं छप्पर तेवढं पूर्वीसारखंच गळत होतं. डॉक्टर यवतमाळचे, वकील-कारकुनांच्या घराण्यातले. घरचे सगळे कोर्टकचेरीत आणि हे एकटेच शेणात. त्यांच्या आईनं म्हणे शेजारणींना शेवटपर्यंत "मुलगा डॉक्टर आहे" एवढंच सांगितलं, कोणाचा ते सांगितलं नाही.

त्यांचं सगळं ज्ञान कानात होतं, म्हणजे दुसऱ्याच्या कानात. ताप, पोटफुगी, भीती, लबाडी, सगळं ते कानांवरून ओळखायचे. एकदा भाच्यासाठी मुलगी पाहायला बाभुळगावला जाऊन आले. मी विचारलं, "कशी काय मुलगी?" तर म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण तिच्या बापाचे कान मागे जातात. हा माणूस कधीतरी लाथ मारते." लग्न झालं. लाथ बसली की नाही ते मला कळलं नाही, पण भाचा पहिल्या दिवाळसणाहून ठरल्याच्या आधीच परत आला हे खरं.

कोटाच्या एका खिशात गुळाचा खडा आणि दुसऱ्यात थर्मामीटर, अशी त्यांची व्यवस्था होती. गूळ जनावरांसाठी. पण खिसे कोणते कोणते हे त्यांच्या कधीच लक्षात राहायचं नाही, त्यामुळे थर्मामीटर नेहमी चिकट असायचा आणि त्याला मुंग्या लागायच्या. तो धुऊन पुसून ठेवणं हे माझं काम. मी कुरकुर केली की म्हणायचे, "अरे, मुंग्यांले ताप नाही हे तर समजलं!"

एका बाबतीत मात्र हा माणूस विसराळू नव्हता. एखादी गोष्ट होत नाही असं कुणी म्हटलं की ती त्यांच्या डोक्यात पक्की बसायची. "होत नाही म्हणजे आपण अजून केलं नाही," एवढं म्हणून ते कामाला लागत. त्या कामात मग माझी रजा, माझी भूक आणि माझी पोटरी हे सगळं कामी यायचं. पोटरीचं सांगतो.

त्या दिवसांत बुळकांडीची लस गावोगाव टोचायचं काम सुरू झालं होतं. बुळकांडी हा ढोरांचा असा रोग, की गोठ्यात शिरला म्हणजे गोठा रिकामा करूनच बाहेर पडायचा. तोंड यायचं, हगवण लागायची, आणि दोन-चार दिवसांत दावं मोकळं. लागल्यावर औषध नव्हतं. लागण्याआधी लस, एवढाच उपाय. आणि ही लस मोठी नाजूक. ती बर्फात ठेवावी लागे. बर्फ यवतमाळहून सकाळच्या मोटारीनं भुशात गुंडाळून यायचा, आणि इथे पोचेपर्यंत त्यातला निम्मा मोटारीच्या टपावरून सडकेवर सांडलेला असायचा. उरलेला थर्मासात भरायचा, त्यात लस ठेवायची, आणि पळायचं. बर्फ संपला की लस संपली.

सडकेवरच्या गावांचं काही अडलं नाही. अडलं ते डोंगराकडच्या कोलामांच्या पोडाचं, म्हणजे वस्तीचं. बैलगाडीनं तिथे जायला दिवस कलायचा आणि थर्मासात कोमट पाणी उरायचं. म्हणून डॉक्टरांनी एक फटफटी मिळवली. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, मधे बऱ्याच हातांतून फिरलेली. तिचा सायलेन्सर सडून गेला होता, उरला होता नुसता एक उघडा नळा. ती सुरू झाली की शेजारच्या शाळेतले मास्तर शिकवणं थांबवून हात जोडायचे.

तिच्यावर बसून आम्ही पहिल्यांदा पोडावर गेलो. मी मागे, मांडीत थर्मास, पाठीवर सुयांची पेटी. पोडाचा नाईक, म्हणजे तिथला मुखिया, ढोरं आखरावर अडवून वाट पाहत होता. आखर म्हणजे सकाळी गावाची सगळी ढोरं जिथे गोळा होतात ती जागा. टेकडी चढून वर आलो, खाली सगळा कळप दिसला, आणि कळपानं आम्हाला ऐकलं. क्षणभर सगळे कान उभे. मग शेपट्या उभ्या. मग नुसती धूळ. जंगलात चरणारी ती ढोरं, त्यांनी मोटार कधी पाहिली नव्हती की ऐकली नव्हती. नाईक काठी हातात धरून रिकाम्या आखरावर उभा होता.

"सकाळपासून अडवून ठेवली होती डाक्टर," तो म्हणाला. "पोरायच्या घशाले कोरड पडली वराडून वराडून."

लस ओतून दिली. पुढच्या खेपेला आम्ही फटफटी टेकडीच्या अलीकडे ठेवून चालत गेलो, तर आवाज आमच्या आधीच पोचलेला होता. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी अलीकडे ठेवली, तेव्हा ढोरं जागेवर होती पण थर्मासात बर्फ नव्हता. वरून निरोप आला, जवळची गावं उरका, पोड राहू द्या, तिथे होणार नाही. झालं. "होणार नाही" हे शब्द डॉक्टरांच्या कानावर पडले आणि मी मनातल्या मनात घरी सांगून टाकलं, की आता माझी वाट पाहू नका.

हमरस्त्यावर ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. नागपूर-हैद्राबाद करणारे ड्रायव्हर त्याच्या हाताची शपथ घ्यायचे. मिस्त्रीचं सगळं घराणं लोखंडातलं, आजा तोड्याच्या बंदुका सुधारायचा असं तो सांगे. आवाज कमी करायची मागणी त्याच्याकडे आजवर कुणी केली नव्हती.

"डाक्टरसाब, आवाज गेला तं गाडीत राह्यलं काय? मंग सायकल घ्या ना! अशा गाडीचा आवाज म्हणजे इज्जत आहे, इज्जत. लोक रस्ता देतेत."

"मले रस्ता नाही पाह्यजे. बैलानं उभं राहावं एवढंच पाह्यजे."

"बैल?" मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

त्याच्या अंगणात जुन्या सायलेन्सरांचा ढीग होता. ट्रकचे, जीपचे, कुठल्या कुठल्या मोटारींचे. डॉक्टर त्या ढिगात बसले आणि बाजारात माठ वाजवून घेतात तसं एकेका सायलेन्सरला बोटाच्या पेरानं वाजवून पाहू लागले. आतल्या जाळ्या सडलेल्या असल्या की खुळखुळ वाजायचं, तो बाजूला. पोकळ घुमायचा, तो बाजूला. जो बद्द वाजला तो त्यांनी निवडला. तो ट्रकचा निघाला, फटफटीपेक्षा जरासाच लहान. मिस्त्रीनं तो मधून कापला, आतली भोकांची नळी आखूड केली, तोंड जोडलं, आणि एंजिनाच्या नळ्यावर चढवून लोखंडी पट्ट्यानं आवळला.

तो आवडला की नाही हे कोण ठरवणार? मिस्त्री म्हणाला मी, मी म्हणालो डॉक्टर, डॉक्टर म्हणाले कोंडवाडा. आमच्या दवाखान्याला लागूनच मोकाट ढोरांचा कोंडवाडा होता. डॉक्टर आत ढोरांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मला भिंतीबाहेरून फटफटी सुरू करायला लावली. "रेस दे! कमी! अजून दे!" असा आतून ओरडा. बाहेर बाजारची माणसं जमली. कोंडवाड्याचा शिपाई मला हळूच म्हणाला, "साहेबांले घरी कोणी आहे का नाही?" तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "पसंत आहे," म्हणाले. "कोणी कान हलवला नाही. एक म्हातारे बैल तर रवंथ करत होते."

मी मागे बसून पोडावर निघालो तेव्हा कळलं, की नवा सायलेन्सर थेट माझ्या पोटरीखाली आला होता. तो तापला की धोतरातून चटका बसायचा. पोटरीवरचा तो डाग अजून आहे, नातवंडं विचारतात तेव्हा मी लढाईत लागलं म्हणून सांगतो. इतकं सोसून टेकडी चढलो, तर खाली पुन्हा कान, पुन्हा शेपट्या, पुन्हा धूळ.

डॉक्टर एका दगडावर बसले. त्यांनी फडक्यातली भाकर काढली, ठेचा लावला, अर्धी मला दिली आणि चावता चावता एकदम थांबले.

"अरे, आपण चुकीच्या लोकांले विचारलं! कोंडवाड्यातले लोक सडकेवरचे आहेत. त्यांच्या अंगावरून रोज ट्रक जातात. त्यांले काय विचारायचं? यांले विचारायले पाह्यजे होतं."

दुसरा कुणी असता तर मी हसलो असतो. पण हा माणूस उन्हात बसून, रिकाम्या आखराकडे पाहत, आपल्या चुकीचं कारण सापडलं म्हणून खूश झाला होता. मला त्यांचा राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकाच वेळी.

मग त्यांनी ठरवलं की आवाजच नको. मिस्त्रीनं एकापुढे एक असे दोन सायलेन्सर जोडले, मागचं तोंड बारीक केलं, वरून ओलं पोतं गुंडाळलं. फटफटी मांजरीसारखी चालू लागली. पण तिचा दम कोंडायला लागला. जरा चढ आला की एंजिन गुदमरायचं, मी उतरायचो, ढकलायचो, थर्मास गळ्यात. मिस्त्री म्हणाला होताच, "तिचं नाक दाबून राह्यले तुम्ही." डॉक्टरांनी ऐकलं, मान हलवली, आणि निघाले.

त्या दिवशी नाईक स्वतः आम्हाला घ्यायला बैलगाडी घेऊन येत होता. नाल्याच्या वळणावर आम्ही समोरासमोर आलो. आवाज नव्हता, त्यामुळे त्याच्या बैलांना आम्ही कळलो ते एकदम नाकासमोर. बैल असे उधळले की गाडी नाल्यात कलंडली आणि नाईक खाली. त्याचा डावा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी आधी बैलांचे पाय चाचपले, मग नाईकाजवळ बसले. "माणसाचं मले येत नाही. पण खांदा तो खांदाच," असं म्हणत त्यांनी हात ओढून खांदा जागेवर बसवला. नाईक असा ओरडला की रानात जी थोडीफार ढोरं राहिली होती तीही गेली.

"पहिले आवाज आयकून पळे," नाईक दात आवळून म्हणाला. "आता आयकल्याबिगर पळतेत. तुमी या डाक्टर, तुमाले ना नाई. हे भूत आणू नोका. आणलं तं म्या ढोरं आखरावर ठेवनार नाई."

"एक खेप दे," डॉक्टर म्हणाले.

"कायले? पुन्हा पळतीन."

"पळाली तर मी फटफटी घेऊन या रस्त्याले दिसणार नाही. एक खेप दे."

डॉक्टरांनी फडक्याच्या झोळीत बांधून दिलेला हात उजव्या हातानं सावरत नाईक म्हणाला, "एकच."

आम्ही परत आलो तर दवाखान्यात खबर येऊन पडली होती. नदीकडच्या गावांत बुळकांडी लागली होती. ती कोणत्या वाटेनं सरकते हे आम्हाला ठाऊक होतं, बाजाराच्या वाटेनं, गावामागून गाव. पोड त्या वाटेवर होतं. नाईकाची ढोरं डोळ्यांसमोर येत होती आणि आमच्या हातात एकच खेप होती, तीही कशानं करायची ते माहीत नव्हतं.

डॉक्टर मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे दळण घेऊन चक्कीवर गेले. बाजारचा दिवस होता. दळण त्यांनी नेलं यात विशेष नाही, घरात ते एकटेच. विशेष हे, की ते दळण तिथेच टाकून धावत दवाखान्यात आले आणि माझ्या हाताला धरून मला चक्कीकडे ओढत घेऊन गेले.

"पाहा," म्हणाले. "कान पाहा."

चक्कीला ऑइल एंजिन होतं. त्याच्या धुराचा नळा भिंतीतून बाहेर काढलेला, त्याच्या टोकाला बिडाचा एक जाड डबा, आणि त्यातून दिवसभर पुक्, पुक्, पुक् असा आवाज. डब्याखाली, अगदी हाताच्या अंतरावर, डोंगराकडच्या गाड्या सुटलेल्या होत्या. बाजाराला आलं की ही माणसं ज्वारी दळून नेत. आणि त्यांचे बैल, तेच ते जंगलातले बैल, त्या पुक्-पुकीखाली डोळे मिटून रवंथ करत बसले होते. कान सैल पडलेले. एकाच्या शिंगावर चिमणी बसली होती.

"या आवाजाले ते ओळखतात," डॉक्टर म्हणाले. "हा आवाज म्हणजे गाडी सुटली, जू उतरलं, कडबा मिळाला. आपल्याले कमी आवाज नको होता रे, ओळखीचा आवाज पाह्यजे होता!"

"पण गायी कुठे येतात चक्कीवर?" मी विचारलं.

"गायी बैलांकडे पाहतात. बैल बसले तर कळप बसते."

चक्कीवाला गल्ल्यावरून उठून आला. डॉक्टरांनी त्याच्याकडे सरळ तो डबाच मागितला.

"अन् चक्की काय तोंडानं चालवू का, डाक्टरसाहेब?"

"जुना असेल ना एखादा?"

जुना होता. मागच्या बोळीत पडलेला, त्यात उंदरांनी घर केलेलं. चक्कीवाल्याची म्हैस डॉक्टरांनीच अडलेली सोडवली होती, तेव्हा त्यानं डबा दिला. वर विचारलं, की हा कशाला लागतो? कारण ऐकून त्यानं डॉक्टरांचं दळण पहिल्या नंबरला घेतलं.

आता पाळी मिस्त्रीची. त्यानं डबा उचलून पाहिला आणि धाडकन खाली ठेवला.

"हे मी लावत नाही. तौबा! चक्कीचा डबा फटफटीले? उद्या ट्रकवाले म्हणतीन मिस्त्री येडा झाला. धंदा बसन माझा."

"बरं," डॉक्टर म्हणाले, कोट काढून खुंटीला टांगला, आणि स्वतःच पाना घेऊन जमिनीवर बसले. त्यांना पाना धरता येत नव्हता. पहिलाच बोल्ट त्यांनी उलटा पिळला. मिस्त्री थोडा वेळ पाठ करून उभा राहिला. मग त्याला तो आवाज सहन होईना. "अहो डाक्टरसाब, आटे मारून राह्यले तुम्ही! उठा, उठा तिथून."

नंतर मात्र त्यानं जीव ओतला. डबा जड, साध्या पट्ट्यावर लटकला तर पहिल्याच खड्ड्यात नळ्यासकट तुटला असता. म्हणून त्यानं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून वाकवली आणि फटफटीच्या सांगाड्याखालून तिची झोळी केली. डबा तिच्यात बसला. जोडावर काथ्या लावला तर जळेल, म्हणून ट्रकच्या सायलेन्सरला लावतात ती न जळणारी दोरी गुंडाळली. माझ्या बाजूनं एक पत्रा उभा केला, पोटरीसाठी. मी न सांगता केला, म्हणून मला तो मिस्त्री त्या दिवसापासून फार आवडू लागला. शेवटी किक मारली. आवाज आला, पण तो फट् फट् फट् असा लागोपाठचा. डॉक्टरांनी मान हलवली.

"चक्की इतकी घाईत नसते."

मग मिस्त्री एक पेच फिरवायचा, डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे, मिस्त्री पुन्हा फिरवायचा. रस्त्यापलीकडे चक्की चालूच होती. अखेर दोन्ही आवाज असे एकात एक बसले, की मिस्त्रीनं पेच सोडला आणि कपाळ पुसलं. "घ्या," म्हणाला. "पण हळू चालवा लागीन. घाई केली का आवाज बदलते." बैलगाडीच्या दुपटीएवढाच वेग निघणार होता. मी थर्मासातल्या बर्फाचा हिशेब मनात केला. डॉक्टरांनी तो माझ्या तोंडावर वाचला असावा. "भुसा जास्त घालू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. वाटेतल्या एका खेड्यात बाया टोपल्यात ज्वारी घेऊन सडकेवर आल्या. "चक्की कुठे बसली बाप्पा?" एकीनं विचारलं. "चक्की नाही बाई, मी आहे," डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. ती बाई टोपलं डोक्यावर धरून आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभी होती.

टेकडी आली. डॉक्टरांनी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. वर पोचलो. खाली कळप होता, नाईक झोळीत हात घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्याला काहीही आशा नव्हती. सगळे कान उभे झाले. पुढे बसलेल्या दोन बैलांनी कान आमच्याकडे वळवले, तसेच थोडा वेळ धरले, आणि मग एकाचा कान खाली आला. त्यानं एक मोठा सुस्कारा सोडला आणि रवंथ करायला लागला. मागच्या गायींनी त्याच्याकडे पाहिलं. उठलेल्या खाली बसल्या.

मी उतरून फटफटी बंद करायला हात घातला तर डॉक्टर दबक्या आवाजात ओरडले, "नको! बंद केली तर विचार करत बसतील. चालू राहू दे."

पण चालू ठेवणार कोण? मला सुया भरायच्या, त्यांना टोचायच्या. डॉक्टरांनी नाईकाला बोलावलं. उजवा हात धड होता, तो त्यांनी मुठीवर ठेवला. "हे असं धर. आवाज बदलू द्यायचा नाही." ज्यानं त्या फटफटीला भूत म्हटलं होतं तो नाईक तिच्यावर बसला, पाठ ताठ, नजर समोर, आणि काम संपेपर्यंत त्यानं मुठीवरचा हात हलवला नाही. डॉक्टर एकेकीजवळ जायचे. "जरा बोचेल हं. माफ करा." टोचलं की गुळाचा खडा. एका गायीला त्यांनी खडा म्हणून थर्मामीटर दिला होता, तो मी वेळेवर काढला. शेवटचं वासरू टोचून झालं तेव्हा थर्मासात बोटभर बर्फ उरला होता. तो नाईकानं पोरांना वाटून टाकला. त्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बुळकांडी त्या वाटेनं आली. पोडाच्या अलीकडचं एक गाव आमच्याकडून राहून गेलं होतं. तिथे आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. गव्हाणीत कडबा तसाच पडलेला, आणि खायला कोणी नाही. गावाबाहेर वास. एक बाई रिकामं दावं हातात घेऊन नुसती बसली होती, डॉक्टर तिच्या शेजारी जाऊन बसले. मला त्या दिवशी रडू आवरलं नाही. हे गाव आपण आधी का केलं नाही, असं मी वाटेत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही करायले पाह्यजे होते."

पोडावर रोग शिरला नाही. नाईकानं निरोप पाठवला, सगळे बरे आहेत. डॉक्टरांनी निरोप आणणाऱ्याला विचारलं, "सगळे म्हणजे कोण? माणसं का ढोरं?" "ढोरं," तो म्हणाला. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागवला.

पुढच्या वर्षी नव्या वासरांना टोचायला आम्ही पुन्हा पोडाकडे निघालो. तोच डबा, तीच चाल, पेचही हललेला नाही. मी पत्र्याआड पोटरी ठेवून निवांत बसलो होतो. टेकडीवर आलो, खाली आखरावर पूर आल्यासारखी ढोरं, मागच्या वर्षीपेक्षा जास्तच. पुक्, पुक्, पुक् असा आवाज खाली गेला, आणि सगळा कळप एका झटक्यात उठला. बैल सगळ्यांच्या आधी. म्हाताऱ्या गायी, गाभण गायी, वासरं, सगळी शेपट्या वर करून रानाकडे सुटली. ती आवाजाला भ्यायली नव्हती. त्यांनी सुई ओळखली होती.

नाईक हातवारे करत कळपामागे धावत होता. मला असा संताप आला की मी थर्मास जमिनीवर ठेवून दिला. एवढा खटाटोप, तो मिस्त्री, तो डबा, ती धाव, सगळं फुकट. "घ्या!" मी म्हणालो. "सगळे पळाले."

डॉक्टरांनी फटफटी बंद केली. ते सीटवर उभे राहून, डोळ्यांवर हात धरून धुळीकडे पाहत होते. खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं.

"हाव, सगळे पळाले," ते म्हणाले. "पळू दे. पळायले आहेत ना."